स्टॉकहोमात रात्र होत नाही

स्टॉकहोम, ८ जून २०२५

श्री. सर्जेराव यांस,

बद्रीनाथचा नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द तूर्त राखून ठेवला आहे, तो आपण गृहीत धरू नये.

आपण माझा नंबर ब्लॉक केलेला असल्यामुळे हे कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून विहीणबाई शकूताईंच्या फोनवर पाठवतो आहे. त्या आपल्याला वाचून दाखवतील. मुलांच्या लग्नात मी जनरेटर बंद केला तो मंगलाष्टका ऐकू याव्यात म्हणून. मांडवातले पंखेही त्याच जनरेटरवर होते आणि आपले आमदार घामाघूम झाले, याला वायरिंग जबाबदार आहे. मी जन्मभर वीज मंडळात होतो, मला कळतं. पण तो विषय मी काढणार नाही. त्यानंतर दिवाळीला आमच्या फराळाचा डबा आपण न उघडता परत पाठवलात, तोही विषय काढणार नाही.

लिहिण्याचं कारण एवढंच की खराडीहून निघताना आमच्या सुशीलाने बजावलं, "अहो, पोचलात की व्याह्यांना त्यांच्या मुलीची खुशाली कळवा." तिचा गुडघा नवा बसवलाय, म्हणून ती आली नाही. मी एकटाच आलो. खराडी ते वाघोली हा रस्ता आपण दोघांनी दोन वर्षांत ओलांडला नाही आणि पत्र येतंय स्वीडनहून. ट्रॅफिक बघता हेच सोयीचं.

तर खुशाली. संस्कृती उत्तम. अभिनव उत्तम. घर चौथ्या मजल्यावर, तेही उत्तम.

शहर म्हणजे बेटं आणि पूल. जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि स्वच्छ. हे आपल्याला दाखवायला हवं होतं असं क्षणभर वाटलं. क्षणभरच. लोक सभ्य आहेत पण बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. मी शेजारच्या गृहस्थांना "आपण कुठले?" एवढंच विचारलं, तर ते पुढच्या थांब्यावर उतरून गेले. तो त्यांचा थांबा नसावा.

एकच अडचण आहे. इथे रात्र होत नाही. जेवणं आटोपली तरी बाहेर ऊन. सूर्य आपल्याकडच्या पाहुण्यासारखा वागतो: निघतो निघतो म्हणतो आणि दारातच उभा राहून गप्पा मारतो. मला झोप येत नाही, मी खिडकीत बसून राहतो. संस्कृती बिचारी "बाबा, झोपा ना आता" म्हणत समोर बसते, जांभया देते, घड्याळ बघते. सासऱ्याची इतकी काळजी हल्ली कोण करतं? मुलीला आपण नीट वाढवलंत, हे नमूद करतो. उलट टपाली आभार नकोत.

बद्रीनाथ

स्टॉकहोम, १२ जून

श्री. सर्जेराव यांस,

आपण उत्तर दिलं नाहीत. मी अपेक्षाही केली नव्हती. तरी लिहितो, कारण इथे बोलायला कुणी नाही आणि मुलं दिवसभर कामावर असतात.

इथे प्रत्येक इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली असते. आपली वेळ आधी नोंदवायची, त्याच वेळेत मशीन लावायचं. भिंतीवर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती. अभिनवने अर्थ सांगितला: 'काल ज्या व्यक्तीने मशीनची जाळी साफ न करताच प्रस्थान ठेवले, तिचे आभार. आम्हाला दुसरे काम नव्हतेच.' सर्जेराव, मी तिथल्या स्टुलावर बसलोच. आम्ही मूळचे वाशिमचे, तिरकं बोलायला पुण्यात शिकलो. पण इतक्या लांब, परक्या मुलखात, तळघरात आपलं माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून धुण्याचं खातं मी माझ्याकडे घेतलं आहे. वाळत घालताना सहज लक्षात आलं की माझे कपडे आहेत, अभिनवचे आहेत, संस्कृतीचे नाहीत. विचारलं तर म्हणाली, "माझे नाजूक असतात बाबा, मी हाताने धुते." बरं.

रोज रात्री मी आडवा झालो की ती फिरायला जाते. खांद्याला मोठी पिशवी असते. चालणं पोटाला चांगलं. सकाळी मी उठायच्या आत स्वयंपाकघरात हजर, आंघोळ झालेली, पायात बूट. इथे घरात बूट कुणीच घालत नाही. असो.

शकूताईंनी इथे वाचन थांबवावं आणि चहा टाकायला जावं.

सर्जेराव, लहानपणी ती घरात बूट घालायची का? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

बद्रीनाथ

वाघोली, १३ जून

बद्रीनाथराव,

बूट न्हाई आन् चप्पल बी न्हाई. चप्पल घालून घरात कोन आलं तर शकू त्येला उंबऱ्यावरच झापती. आन् मशीन आसताना हातानं धुनं? ती पोरगी हितं सोताचा रुमाल बी धूत नव्हती. काय लपवताय ते सरळ लिवा. तुमी काय मीटर न्हाई, नुसतं बघून रीडिंग घ्यायला.

शकू चहाला गेली न्हाई. तिनं समदं वाचलं.

सर्जेराव

स्टॉकहोम, १५ जून

सर्जेराव,

सरळ लिहितो.

काल पहाटे दूध आणायला खाली उतरलो. पहाट म्हणायची एवढंच, ऊन लख्ख होतं. समोरच्या थांब्यावर बस थांबली आणि संस्कृती उतरली. मी कचऱ्याच्या डब्यांमागे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही, पाय गेले. इमारतीच्या दाराशी थांबून तिने पर्समधून मंगळसूत्र काढलं, गळ्यात घातलं, काचेत बघून केस नीट केले आणि वर गेली.

तेवढ्यात एक बाई कचरा टाकायला आल्या. मला तिथे वाकलेला बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं, काही मदत हवी का? मी म्हणालो, "प्लास्टिक." दुसरं काही सुचलं नाही. मग त्यांनी मला प्लास्टिकचा डबा कोणता, पुठ्ठ्याचा कोणता, पांढऱ्या काचेचा आणि रंगीत काचेचा वेगळा का, हे सगळं प्रेमाने समजावलं. माझ्या सुनेचा संसार मोडलाय की काय या विचारात मी रंगीत काचेला माना डोलावत होतो.

दुपारी अभिनवला घेऊन पाण्याकाठी गेलो.

"संस्कृती कुठे राहते?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या पत्त्यावर?"

त्याने हातातलं बिस्किट बदकांना टाकलं. मग बोलला. कंपनीने त्याला परत खराडीच्या ऑफिसात बदली देऊ केली. त्याने होकार दिला, सही केली आणि मग घरी येऊन बायकोला सांगितलं. याच क्रमाने. फेब्रुवारीत संस्कृतीने एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेतली. मी येणार म्हटल्यावर दोघांनी ठरवलं की बाबांना महिनाभर कळू द्यायचं नाही, तेवढ्यापुरता संसार करून दाखवायचा. ती पहिल्या बसने येते, आणि मी झोपलो की शेवटच्या बसने जाते.

आणि मी झोपत नव्हतो! आता त्या जांभयांचा अर्थ लागला. तुमची लेक बस चुकू नये म्हणून तळमळत बसलेली आणि मी तिला वीज मंडळातले किस्से सांगतोय.

"तिला सांगू नका तुम्हाला कळलंय ते," अभिनव म्हणाला. "तिला लाज वाटेल." म्हणून कालपासून मी जेवण झालं की डोळ्यांवर टॉवेल टाकून आडवा होतो आणि खोटा घोरतो. काल जरा जास्तच घोरलो. दोघं धावत आली, अँब्युलन्सला फोन लावायला निघाली होती. आजपासून बेताने घोरेन.

सुशीलाला यातलं काही कळवू नये. तिला बीपी आहे. शकूताईंनाही सांगितलं नसतं, पण वाचतायत त्याच. शकूताई, धीर धरा.

सर्जेराव, मला काही सुचत नाही. आपण तिचे वडील. कळवावं.

बद्रीनाथ

वाघोली, १६ जून

बद्रीनाथराव,

ऐकून डोकं फिरलं. म्हनलं आदी शकूला सावरावं. तर ती ढिम्म. शेंगा सोलत बसली. इचारलं तर म्हनती, मला फेब्रुवारीपास्नं म्हाईत हाय. तुमच्या सुशीलाबाईंना बी म्हाईत हाय. ह्या दोघी आयतवारी मंडईत भेटत्यात. आपल्याला वाटतं भाजीला जात्यात. गुडघ्याच्या आपरेशननंतर बी सुशीलाबाई रिक्षा करून गेल्या, तवा तरी तुमाला शंका याया पायजे हुती. तुमाला तिकडं धाडायचं ह्यांनीच ठरवलं. मला पत्र लिवायला बी तुमाला ह्यांनीच लावलं. वाघोली-खराडीत येडे आपून दोघंच.

पोरीला म्हनावं, वाघोलीला ये. आपल्या नव्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्यासाठी रंगवून ठिवलाय. गुलाबी. दोघांनी ऱ्हावं, न्हाईतर येकटीनं ऱ्हावं. तुमच्या पोराला काय म्हनायचं ते तुमी म्हना. म्या म्हनलो तर शकू फोटू काढू द्यायची न्हाई.

सर्जेराव

स्टॉकहोम, २१ जून

सर्जेराव,

आपलं पत्र मिळताच सुशीलाला फोन केला. "अगं, तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" मी विचार केला. फोन ठेवला.

आता कालचं सांगतो. लांबेल. शकूताईंना पाणी द्यावं.

काल इथे उन्हाळ्याचा मोठा सण होता. सगळं शहर डोक्यावर फुलांच्या माळा घालून बेटांकडे निघालं होतं. संस्कृती सकाळीच 'काम आहे' म्हणून गेलेली, अभिनव झोपलेला. मी एक जुनं जहाज ठेवलेलं संग्रहालय बघायला एकटाच निघालो. फोन चार्जिंगला राहिला. धक्क्यावर दोन बोटी होत्या. एक समोरच्या बेटावर जाणारी, दुसरी दूर समुद्रातल्या बेटांना जाणारी. मी जिथली रांग जास्त शिस्तीत होती त्या बोटीत चढलो.

शहर दिसेनासं झालं तेव्हा शंका आली. म्हटलं, काळजी कॉफी घेऊन करावी. खालच्या मजल्यावर कँटीन होतं. रांगेत उभा राहिलो. काउंटरमागे निळा शर्ट घातलेली एक मुलगी फडाफडा स्वीडिश बोलत पाव कापत होती, पैसे घेत होती, लोकांना हसवत होती. माझा नंबर आला.

"बाबा?" संस्कृती म्हणाली.

"एक कॉफी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मागे माणसं उभी होती.

"साखर?"

"दोन."

तिने कप भरला, साखरेच्या दोन पुड्या ठेवल्या आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ती वाहतूक कंपनीत आहे असं आपल्या सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. ते खोटं म्हणता येणार नाही.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्या समोर येऊन बसली.

"तुम्हाला सगळं माहितीये ना?"

"गेल्या शनिवारपासून."

"मग ते घोरणं?"

"खोटं होतं."

ती हसायला लागली. खूप हसली, आणि मग ते हसू भलतीकडेच वळलं. मी कागदी रुमाल पुढे केले. मग ती बोलत राहिली आणि मी ऐकलं. तिचेच शब्द लिहितो, कारण ते माझ्यापेक्षा आपल्यासाठी होते.

"बाबा, वाघोलीत मी कुठेही गेले तरी सर्जेरावांची मुलगी. रिक्षावाला पैसे घेत नाही, दुकानदार खुर्ची पुसून देतो. खराडीत नोकरी लागली तर मॅनेजर आमच्या आबांच्या ओळखीचा निघाला. इथे मला कुणी ओळखत नाही. काम चुकलं तर ओरडा खाते, जमलं तर जमलं. ते माझं असतं. ऑगस्टपासून खलाशाच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. भाषेची परीक्षा पास झाले. हे मी त्याला सांगायला धावत घरी आले, आणि तो म्हणाला, मी बदलीवर सही केलीय." रुमालाची घडी करत म्हणाली, "आणि इथे सगळीकडे पाणी आहे बाबा. लहानपणी मी पाण्याच्या टँकरच्या हॉर्नने उठायचे."

पुढच्या बेटाच्या धक्क्याला बोट लागताना एका दाढीवाल्या खलाशाने तिला हाक मारली. ती बाहेर गेली, जाडजूड दोर उचलला, अंदाज घेतला आणि फेकला. फास धक्क्यावरच्या खुंटात बरोबर बसला. दाढीवाल्याने फक्त मान हलवली. इथे त्याला शाबासकी म्हणतात. सर्जेराव, मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

इकडे अभिनवला मी घरात सापडलो नाही. त्याने घाबरून तिलाच फोन केला. तिने कुठल्या बेटावर थांबतोय ते सांगितलं. शेवटच्या बेटावर आमची बोट बराच वेळ उभी राहते. तिथे जलद बोटीने तो येऊन पोचला, आणि बोट लागून पार पांढरा पडला होता. लहानपणापासून त्याला पाणी सोसत नाही. धक्क्यावर पाय टेकताच त्याने मला विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" मी हो म्हणायच्या आत दोघांची जुंपली.

"मी तुला सांगणारच होतो!"

"सही करून!"

"आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!"

"म्हणूनच विचारतात, अभिनव!"

धक्क्यावर बरीच स्वीडिश मंडळी होती. आवाज चढल्याबरोबर सगळ्यांनी एकाच वेळी समुद्राकडे तोंड केलं. आपल्याकडे आतापर्यंत गोल करून उभे राहिले असते, दोन जण मध्यस्थीलाही आले असते.

मग अभिनव बोलला. सर्जेराव, हा मुलगा माझ्यासमोर कधी इतकं बोलला नव्हता. "तुला इथे सगळं मिळालं. मला दोन वर्षांत बोलायला एक माणूस मिळालेला नाही. ऑफिसात सगळे हवामानावर बोलतात आणि पाचला घरी जातात. शनिवारी मी काय करतो माहितीये? खराडीतल्या आपल्या सोसायटीच्या वॉचमनला फोन करतो. अर्धा अर्धा तास. त्याच्या म्हशीचं नावसुद्धा मला माहितीये."

संस्कृती त्याच्या जवळ आली. मग हळू म्हणाली, "हे मला कधी सांगितलंस?"

"तू बोटीवर असतेस."

तेवढ्यात भोंगा वाजला. तिची ड्युटी होती, ती धावली आणि उडी मारून बोटीवर गेली. अभिनव काठावर उभा. फळी ओढून घ्यायला लागले. आणि हा मुलगा, ज्याला मी हाताला धरून खडकवासल्याच्या पाण्यात पावलं बुडवायला लावायचो, त्याने डोळे मिटले आणि बोटीवर उडी मारली. बोट निघाली. लांब जाईपर्यंत दोघांचे हातवारे दिसत होते.

मला घ्यायचं दोघंही विसरले.

आता बेटावर मी एकटा. मैदानात पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभा केला होता आणि लोक त्याभोवती फेर धरून नाचत होते. मी लांब उभा होतो, तर एका आजीबाईंनी हात धरून आत ओढलं. त्या नाचात एका ठिकाणी बेडकासारख्या उड्या माराव्या लागतात. मारल्या. मी, वीज मंडळाचा निवृत्त अधिकारी, गुडघ्यात वाकून, डोक्यावर फुलांची माळ. मला कुणी ओळखत नव्हतं. संस्कृती काय म्हणत होती ते तिसऱ्या उडीला समजलं. मग त्यांनी मला उकडलेले बटाटे आणि स्ट्रॉबेऱ्या खायला घातल्या.

संध्याकाळी तीच बोट परत आली. दोघं डेकवरच्या बाकावर बसलेली. अभिनव कागदी पिशवीत ओकत होता. संस्कृती एका हाताने पिशवी धरून दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळत होती. भांडण चालूच होतं, पण आता मधे मधे थांबून, त्याला वेळ देऊन.

पोरीला वाघोलीला ये म्हणावं, असा आपला निरोप होता. तो मी दिलेला नाही. देणारही नाही. आपल्याला राग येईल. यावा.

बद्रीनाथ

स्टॉकहोम, ३० जून

सर्जेराव,

आपलं उत्तर नाही. शकूताईंच्या फोनवर पत्र वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, म्हणजे राग पोचला असावा.

तरी इकडची हकीकत कळवतो. अभिनवने बदलीला नकार कळवला. निदान वर्षभर तरी नाही. मला म्हणाला, "बाबा, या वेळी मेल पाठवायच्या आधी तिला दाखवली." तिने त्यात दोन चुका काढल्या म्हणे.

संस्कृतीने खोली सोडलेली नाही. ऑगस्टपर्यंतचा करार आहे. आता ती जेवून उठते आणि मोकळेपणाने "बाबा, येते हं" म्हणून निघते, आणि मी हवा तितका वेळ जागा राहू शकतो. अभिनव तिला सोडायला जातो. कधी कधी तो रात्री परत येत नाही. मी चौकशी करत नाही.

तिच्या घरमालकीण बाईंकडे आठवड्यातून दोनदा पत्त्यांचा अड्डा जमतो. सगळ्या ऐंशीच्या आसपासच्या. त्यांना एक भिडू कमी पडत होता. संस्कृतीने नवऱ्याला नेऊन बसवलं. हा त्यांना बदाम सात शिकवतोय. हरला की मराठीत चिडतो आणि म्हाताऱ्यांना ते फार आवडतं. परवा एकीने त्याला विचारलं, "तू कुठला?" घरी येऊन त्याने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ऑगस्टनंतर काय, ते मला माहीत नाही. त्यांनाही नाही. पण माहीत नाही, हे आता ते एकमेकांना सांगतात.

मी ६ जुलैला सकाळी मुंबईला उतरतो. टॅक्सी करून खराडी गाठेन. आपण रागावलेले असलात तरी मुलीला एक फोन करावा. मी सांगितलं म्हणून करू नये. असाच करावा.

बद्रीनाथ

वाघोली, ४ जुलै

बद्रीनाथराव,

उशीर झाला. पैले चार दिवस मला राग हुता. मंग शकूनं माझ्याशी बोलनं टाकलं. ती बोलत नसली की घरात लई आवाज येतो, भांड्यांचा.

परवा पोरीला फोन केला. ती बोटीवर हुती. म्हनली, आबा, थांबा, भोंगा ऐका. ऐकला. मोठा हाय. मला म्हनली, आबा, रागावलाय का? म्हनलं, न्हाई, ऐकतोय. तासभर बोललो. ही पोरगी माझ्याशी येवढी कवा बोलली नव्हती, म्या बी कवा इचारलं नव्हतं. दोर कसा फेकायचा ते सांगत हुती. म्हनलं, बैलाच्या दाव्याची गाठ येती का तुला? न्हाई म्हनली. शिकवा म्हनली. म्हनलं, ती फोनवर सांगता येत न्हाई, हातात दोर घिऊन दाखवावी लागती. तवा पासपोर्टला फोटू काढून आलोय. फोटूत हसू नका म्हनले, म्हनलं तेवढं जमंल.

फ्लॅट भाड्यानं दिला. नर्सिंगच्या पोरी ऱ्हायला आल्यात. गुलाबी रंग त्यांना आवडला.

टॅक्सी करू नका. मुंबईला इमानतळावर गाडी घिऊन म्या येनार हाय. शकूनं आन् सुशीलाबाईंनी तसं ठरवलंय, मला नुसतं कळवलं. लोनावळ्यापतुर म्या काय बोलनार न्हाई. तुमी बी बोलू नका. पुढं बघू.

सर्जेराव